भाव उतरवलात, पण नग मोजलेत का?

बी-बियाणे, बोंडअळी, ठिबक यांवर आपण आजवर पुष्कळ बोललो. आज थोडे निराळे बोलायचे आहे. विषय आहे घरच्या हिशेबाच्या वहीचा, आणि ही वही संगणकातली आहे.

"साहेब, शेअरबाजाराशी आमचा काय संबंध?" असे कोणी विचारील. पण संबंध न विचारता घरात आला आहे. कोणाची जमीन रस्त्यात गेली आणि मोबदल्यातला काही पैसा मुलाने म्युच्युअल फंडात ठेवला. कोणाची सून नोकरी करते, तिच्या पगारातून दरमहा हप्ता जातो. कोणाच्या वाडवडिलांनी चार शेअर घेऊन ठेवले होते, ते आज वारसाने आले. ज्यांच्या घरात यातले काहीच नाही त्यांनीही ही हकीकत वाचावी. ती जितकी बाजारभावाची आहे, तितकीच भावाभावांची आहे.

भरल्या घरात ठिणगी

गोष्ट डिसेंबर २०२४ मधली, खानदेशात अमळनेरच्या बाजूची. कापसाची वेचणी संपत आली होती. "फरदड ठेवू नका, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तुमच्याच शेतात मुक्काम करील," हे सांगत मी गावोगाव हिंडत होतो. शुक्रवारी एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. घर एकत्र. थोरले अप्पा, धाकटे नाना, दोघांच्या घरधनिणी, मुले, आणि सगळ्यांच्या वर आजी. या घरी एरवी आधी आवाज कानावर येतात आणि मग माणसे दिसतात. त्या दिवशी मात्र घर गप्प होते.

शेवटी आजीच बोलल्या. "साहेब, तुम्ही शिकलेले. आमच्या पोरांना समजवा. उद्या चुली वेगळ्या करायची भाषा चालली आहे."

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. नानांचा मुलगा कॉलेजात वाणिज्य शाखेला. त्याने घरचा सगळा हिशेब संगणकावर ग्नूकॅश नावाच्या प्रोग्रॅममध्ये मांडला होता. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. पीकवार खर्च, मजुरी, सोसायटीचे कर्ज, ठिबकचा हप्ता, बँकेतली शिल्लक, सगळे त्यात. पोराचे काम चोख. त्याच वहीत आजोबांच्या वेळचे विप्रो कंपनीचे शेअरही लिहिलेले होते, जे आता दोन्ही भावांच्या संयुक्त डिमॅट खात्यात आहेत.

३० नोव्हेंबरला पोराने बाजाराच्या फाइलमधून भाव वहीत उतरवला. हिशेबाला सोपे जावे म्हणून आपण गोल आकडे धरू. भाव ५८० रुपये, शेअर ८००, किंमत ४ लाख ६४ हजार. त्यावर घरात बैठक झाली. अप्पांच्या मुलीचे लग्न वैशाखात करायचे, त्यासाठी निम्मे शेअर विकायचे आणि उरलेले नानांच्या विहिरीच्या कामाला ठेवायचे, असे ठरले. सगळे समाधानाने झोपले.

४ डिसेंबरच्या रात्री पोराने पुन्हा भाव उतरवला. आता भाव २९०. वहीने किंमत दाखवली २ लाख ३२ हजार.

अप्पा शेजारीच बसले होते. "चार दिवसांत दोन लाख बत्तीस हजार कुठे गेले?" पोरगा म्हणाला, "भाव उतरला, अप्पा." अप्पा म्हणाले, "केळीचा भाव उतरतो, कापसाचा उतरतो, मला कळते. पण बरोबर निम्मा?" नाना केळीच्या गाडीबरोबर दिल्लीकडे गेलेले. डिमॅट खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे. मग अप्पांच्या मनात आले की नानांनी परस्पर काही विकले आणि पोराला खोटे लिहायला सांगितले. हे ते उघड बोलले नाहीत, पण घराला कळले. पोराने दोन दिवस पोटभर जेवण केले नव्हते.

मी पोराला एवढेच विचारले, "भाव उतरवलास, पण नग मोजलेस का?"

"नग तेच आहेत साहेब. आठशे. आपण ना विकले ना घेतले."

"नानांना फोन लाव. खात्यात आज किती शेअर दिसतात ते विचार."

नानांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मोबाइलवर पाहिले. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. नाना म्हणाले, "सोळाशे दिसत आहेत. हे कसे झाले?"

१,६०० गुणिले २९०. पोराने मनातच गुणाकार केला. ४ लाख ६४ हजार. एक रुपयाही कुठे गेला नव्हता.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोराकडे पाहून म्हणाले, "ऊठ, जेवून घे."

झाले होते काय?

कंपनीने बोनस शेअर दिले होते. एका शेअरला एक नवा शेअर, फुकट. त्यासाठी ३ डिसेंबर २०२४ हा दिवस ठरला होता. त्या दिवसापासून बाजारात भाव निम्म्यावर आला, आणि नवे शेअर त्यानंतर एक-दोन दिवसांत ज्याच्या-त्याच्या खात्यात जमा झाले. यात कोणाची लबाडी नाही आणि कोणाला घबाडही मिळालेले नाही. एक एकराच्या तुकड्याचे वीस-वीस गुंठ्यांचे दोन तुकडे केले तर दर तुकड्याची किंमत निम्मी होते, जमीन मात्र तेवढीच राहते. तसेच हे.

संगणकाने फाइलमधला भाव बिनचूक उचलला. पण त्या फाइलमध्ये फक्त भाव असतो. तुमच्याकडे नग किती, हे त्या फाइलला ठाऊक नसते. ते वहीत माणसाने लिहायचे असते, आणि नेमके तेच राहिले. निम्मा हिशेब नवा, निम्मा जुना. अशी वही कोऱ्या वहीपेक्षा घातक, कारण छापील आकड्यावर माणूस चटकन विश्वास ठेवतो.

तीसचे सोळाशे

अमळनेरकरांना ही कंपनी परकी नाही. १९४५ साली महंमद हशम प्रेमजी यांनी ती अमळनेरलाच काढली. नाव होते वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. खानदेशातल्या भुईमुगाच्या जोरावर तिथे वनस्पती तूप निघू लागले. पुढच्याच वर्षी तिचे शेअर लोकांना विक्रीला आले आणि अमळनेरातल्या पुष्कळ साध्या घरांत ते राहिले. १९६६ साली वडील वारल्यावर अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून आले आणि कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात शिरली.

या घरच्या आजोबांकडे २००४ च्या सुरुवातीला अवघे ३० शेअर होते. पुढचा हिशेब आजीबाईंनाही करता येईल. २००४ साली एकाला दोन बोनस मिळाले, ३० चे ९० झाले. २००५ साली एकाला एक, १८० झाले. २०१० साली तिनाला दोन, ३०० झाले. २०१७ साली एकाला एक, ६०० झाले. २०१९ साली तिनाला एक, ८०० झाले. आणि २०२४ साली एकाला एक, १,६०० झाले. मधे एकही शेअर विकला नाही आणि कंपनीने परत विकत घ्यायची तयारी दाखवली तेव्हाही दिला नाही. २०१३ साली कंपनीचा साबण-तेलाचा धंदा वेगळा काढला गेला, त्याचा हिशेब निराळा.

आता विचार करा. या घराने २००४ पासून भाव मात्र दर वर्षी नवा लिहिला असता आणि नग ३० च ठेवले असते, तर वहीने काय दाखवले असते? ३० गुणिले २९०, म्हणजे ८,७०० रुपये. खरी किंमत ४ लाख ६४ हजार. वहीवर विसंबून कोणी "आठ हजारांचेच तर आहे" म्हणून कागद माळ्यावर टाकले असते.

हा दाखला मोजणीचा म्हणून दिला आहे. अमुक कंपनीचे शेअर घ्या, असा सल्ला मी देत नाही. तो माझा विषय नव्हे.

भाव पडण्याच्या दोन तऱ्हा

बोनसमुळे भाव निम्मा होतो तेव्हा नग दुप्पट होतात. पण प्रत्येक पडझड अशी निरुपद्रवी नसते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर या कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. त्या एका दिवसात तिचा भाव सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. तिथे कोणाला नवा शेअर मिळाला नाही. नग तेवढेच राहिले आणि पैसा खरोखरच गेला.

वहीत दोन्ही पडझडी सारख्याच दिसतात. म्हणून भाव एकदम निम्मा, तिसरा हिस्सा किंवा पाचवा हिस्सा झालेला दिसला, तर आरडाओरडा करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. खात्यात नग किती झाले? आणि कंपनीने बोनस किंवा शेअरचे विभाजन जाहीर केले होते का? ही माहिती शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावापुढे मिळते. नग वाढले असतील तर निश्चिंत व्हा. वाढले नसतील तर जाणकाराला विचारा. पान पिवळे पडले की आपण लगेच फवारणी करत नाही. आधी पाण्याचा ताण की रोग, ते पाहतो. इथेही तोच रिवाज ठेवावा.

कारखान्याचा शेअर आणि बाजारातला शेअर

आपल्याकडे शेअर म्हटले की आधी साखर कारखाना आठवतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून शेअर हा शब्द ऊस उत्पादकाच्या घरात रुळला. पण हे दोन शेअर वेगळे आहेत. सहकारी कारखान्याच्या शेअरला बाजारात रोज भाव निघत नाही. तिथे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मते, आणि भाव रोज बदलतो.

म्हणून संगणकाच्या वहीत कारखान्याचा, सूतगिरणीचा किंवा सोसायटीचा शेअर त्याच्या दर्शनी किमतीला लिहा आणि तसाच राहू द्या. त्याला भाव शोधत बसू नका. जमिनीचेही तेच. शेजाऱ्याची जमीन अमुक लाखाला गेली म्हणून आपल्या वहीत तो आकडा चढवू नये. ज्याला रोजचा जाहीर भाव आहे, त्याचाच भाव वहीत उतरवावा.

भाव कोठून घ्यावा?

मी स्वतः पूर्वी वर्तमानपत्रातून भाव पाहून हाताने उतरवीत असे. एकदा नजर घसरली आणि शेजारच्या ओळीतला भाव लिहिला. वर्षअखेरीला हिशेब जुळेना, तेव्हा चार रात्री जागून चूक सापडली. म्हणून भाव हाताने लिहिण्यापेक्षा फाइलमधून उचलणे चांगले, हे माझे मत आहे. फक्त फाइल मुळातली हवी.

शेअरसाठी मुंबई शेअर बाजार आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंज हे दोन्ही बाजार रोज व्यवहार संपल्यावर त्या दिवसाच्या सगळ्या भावांची फाइल संकेतस्थळावर फुकट ठेवतात. तिला ते भावकॉपी म्हणतात. एवढ्या मोठ्या इंग्रजी कारभारात आपला 'भाव' हा शब्द टिकून आहे! बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतात, तसे या फाइलमध्ये उघडण्याचा, वरचा, खालचा आणि बंद होतानाचा असे भाव असतात. वहीसाठी बंद भाव घ्यावा. शेवटच्या सौद्याचा भाव म्हणून एक निराळा रकाना असतो, त्याच्याशी गल्लत करू नये. दोन्ही बाजारांचे भाव काही पैशांनी वेगळे असू शकतात. कोणताही एक बाजार धरा आणि तोच कायम ठेवा.

म्युच्युअल फंडासाठी अ‍ॅम्फी या फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर सर्व योजनांचे दर एका फाइलमध्ये मिळतात. एका ओळीत योजनेचा क्रमांक, ओळखक्रमांक, नाव, एका युनिटचा दर आणि तारीख. इथे एक खड्डा आहे. एकाच योजनेच्या तीन-चार ओळी असतात: थेट घेतलेली, मध्यस्थामार्फत घेतलेली, वाढीची, लाभांश वाटपाची. नाव जवळजवळ सारखे, दर मात्र निरनिराळे. आपल्या खात्याच्या कागदावर जो ओळखक्रमांक आहे, त्याचीच ओळ घ्यावी.

हा ओळखक्रमांक, म्हणजे आयएसआयएन, बारा अक्षर-अंकांचा असतो. भारतातल्या रोख्यांचा क्रमांक इंग्रजी आय आणि एन या अक्षरांनी सुरू होतो. कंपनीचे नाव बदलते, नावासारखी दुसरी नावे असतात, म्हणून नावावर न जाता क्रमांकावर जावे. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर आपण पाहतो ना, तसे. एक ध्यानात ठेवा. बोनस मिळाला तर हा क्रमांक तोच राहतो. पण दर्शनी किमतीचे विभाजन झाले, म्हणजे दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले, तर क्रमांक बदलतो. वहीतही तो बदलावा लागतो, नाहीतर नवा भाव त्या शेअरला लागतच नाही.

फाइल उतरवताना

भावकॉपीत हजारो ओळी असतात. सगळ्या वहीत ओतू नका. त्या घरच्या पोराने आता चांगली पद्धत पाडली आहे. तो आपल्या चार-पाच ओळी निवडतो आणि एक लहान फाइल तयार करतो. तिच्यात मोजकेच रकाने: तारीख, रोख्याचे चिन्ह, भाव, चलन म्हणजे रुपया, वगैरे. ग्नूकॅशमध्ये २०१८ पासून अशी फाइल थेट आत घेण्याची सोय आहे. आधी तो रोखा वहीत नोंदलेला असावा लागतो, मगच भाव त्याच्या नावावर चढतो. चढवण्यापूर्वी प्रोग्रॅम नमुना दाखवतो. तो नमुना डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यात हे पाहा:

पहिले, तारीख. आपण ३ डिसेंबर म्हणजे ०३-१२ लिहितो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून संगणकाने ते १२ मार्च वाचू नये. दिवस आधी की महिना आधी, हे प्रोग्रॅम विचारतो, तिथे नीट उत्तर द्या.

दुसरे, स्वल्पविराम. या फाइलमध्ये स्वल्पविराम म्हणजे दोन रकान्यांमधला बांध. १,२५० असे लिहिले तर संगणक एक आणि दोनशे पन्नास असे दोन आकडे समजतो. म्हणून १२५० सलग लिहावे.

तिसरे, अंक. फाइलमधले अंक इंग्रजी पद्धतीचेच हवेत. आपल्या देवनागरी अंकांना असे बहुतेक प्रोग्रॅम नुसती अक्षरे समजतात.

चौथे, खरेदीचा भाव आणि आजचा भाव यांचे रकाने वेगळे आहेत. आजचा भाव खरेदीच्या जागी कधीही चढवू नये. खरेदीची नोंद पुसली की नफा-तोटा कळण्याचा मार्गच बंद.

भाव आपोआप खेचून आणण्याच्याही सोयी आहेत. गुगल शीट्समध्ये एक सूत्र लिहिले की भाव येतो, थोड्या मिनिटांच्या उशिराने. घरच्या वहीला तेवढे चालते. पण अशा सोयी ज्या संकेतस्थळावर विसंबून असतात त्याची मांडणी बदलली की त्या बंद पडतात. खुद्द भावकॉपीची मांडणीही जुलै २०२४ मध्ये बदलली, तेव्हा अनेकांच्या जुन्या जोडण्या तुटल्या. मायक्रोसॉफ्ट मनी नावाचा घरगुती हिशेबाचा मोठा प्रोग्रॅम होता, त्याची विक्रीच २००९ साली थांबली. म्हणून वर्षातून एकदा वहीची छापील प्रत काढून ट्रंकेत ठेवावी. कागदाला वीज लागत नाही.

नग मोजण्याचा कागद

भाव जितका महत्त्वाचा, नग त्याहून महत्त्वाचे. ते मोजायला एक सरकारमान्य कागद मिळतो. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन संस्था आपले डिमॅट शेअर सांभाळतात. त्यांच्याकडून एकत्रित खाते विवरण येते. त्यात आपल्या पॅन क्रमांकावरचे शेअर आणि म्युच्युअल फंड एका ठिकाणी दिसतात. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्याचे येते, नाहीतर सहा महिन्यांनी येते. ते बहुधा ई-मेलवर येते आणि कोणी उघडत नाही!

हा कागद समोर ठेवून वहीतला एकेक नग जुळवा. जुळला की त्यापुढे टिंब करा. न जुळला तर बोनस, विभाजन, खरेदी, विक्री यांपैकी काय राहिले ते शोधा. सगळे नग जुळल्यावरच भावाची फाइल आत घ्या. आधी नग, मग भाव. हा क्रम पाठ करा.

त्याच बैठकीत वारसदाराचे नाव लावले आहे का, आणि लाभांश बँकेत जमा होतो का, हेही पाहा. लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, तर कायद्याप्रमाणे तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. ते अर्ज करून परत मिळतात, पण हेलपाटे पडतात.

जुने भाव पाहताना

शेअर विकल्यावर झालेला नफा शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्यावर कर लागू शकतो. १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरच्या हिशेबात ३१ जानेवारी २०१८ चा भाव लागतो. इथे सावध राहा. काही संकेतस्थळे जुने भाव नंतरच्या बोनसप्रमाणे कमी करून दाखवतात. असा कमी केलेला जुना भाव आणि त्या वेळचे जुने नग यांचा गुणाकार केला तर उत्तर चुकते. जुन्या नगांना त्या दिवशीचा मूळ भाव लावावा, तो बाजाराच्या त्या दिवसाच्या फाइलमध्ये मिळतो. कराचा शेवटचा आकडा मात्र सनदी लेखापालाकडूनच काढून घ्यावा.

भावाला पासवर्ड लागत नाही

ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मोबाइल हाताळणाऱ्या मुलांना सांगा. शेअरचा भाव ही जाहीर माहिती आहे, बाजार समितीच्या फळ्यावरच्या दरासारखी. फळ्यावरचा दर वाचायला कोणी तुमच्या गोदामाची किल्ली मागत नाही. "तुमच्या वहीत भाव आपोआप आणून देतो, डिमॅटचा पासवर्ड सांगा, मोबाइलवर आलेला अंक सांगा," असे कोणी म्हणाले तर तो भाव आणायला आलेला नाही. फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

रोज पाहू नका, पण सगळ्यांसमोर पाहा

रोज भाव पाहणारा माणूस रोज एकदा श्रीमंत आणि एकदा गरीब होतो, आणि हाती काहीच येत नाही. पेरलेले उगवले का म्हणून रोज उकरून पाहिले तर बी मरते. घरच्या वहीला महिन्यातून एकदा भाव उतरवणे पुष्कळ झाले. ३१ मार्चचा भाव मात्र चुकवू नये. आणि वहीतली किंमत म्हणजे हातातला पैसा नव्हे. शेतात उभ्या असलेल्या कापसासारखी ती आहे. विकून बँकेत जमा होईपर्यंत तिच्या भरवशावर कर्ज काढू नये की लग्नाचा खर्च वाढवू नये.

त्या घरची गोष्ट अर्धी राहिली. नाना दिल्लीहून आले तेव्हा अप्पाच मोटरसायकल घेऊन त्यांना फाट्यावर आणायला गेले. वाटेत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेही नाही. लग्न वैशाखात ठरल्याप्रमाणे झाले. मी अक्षता टाकायला गेलो होतो.

त्या घरात आता एक रिवाज पडला आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री जेवणे झाली की पोरगा संगणक ओसरीवर आणतो. आधी खाते विवरणातले नग मोठ्याने वाचतो, अप्पा वहीतले नग वाचतात. दोन्ही जुळले की मग भाव. डिमॅटचा पासवर्ड नानांकडेच आहे, पण त्या बैठकीत खाते सर्वांसमोर उघडले जाते. घरच्या सुनाही बसतात आणि चुका त्याच जास्त पकडतात, असे पोरगा सांगतो. आजींना यातले काही कळत नाही, पण त्या शेवटपर्यंत बसून असतात. मधेच विचारतात, "मोजले का रे सगळे?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही अशी वही असेल तर येत्या रविवारी ती ओसरीवर आणा. आधी नग मोजा, मग भाव उतरवा, आणि दोन्ही वेळेला घरातली सगळी माणसे हजर ठेवा.